अर्धी सही

विश्वास पाटणकर गेल्याचे मला चौधरीने फोनवर सांगितले. रविवारची सकाळ होती. मी दिल्लीतल्या मुनिरकाच्या घरी पुढच्या वर्गाची तयारी करत बसलो होतो. "सर, पाटणकर जी नहीं रहे," एवढे बोलून तो थांबला. चौधरी रोहतकचा, माझा जुना विद्यार्थी. तो सहसा थांबत नाही. कधी आणि कसे, मी विचारले. हृदयविकाराचा झटका, गाझियाबादच्या राहत्या घरी, आदल्या संध्याकाळी. मग तो म्हणाला, "आपको बताऊँ या नहीं, यही सोच रहा था।" त्याला पडलेला प्रश्न रास्त होता. पाटणकर आणि मी मित्र नव्हतो. ओळख झाली त्या दिवसापासून आमचे पटले नाही, आणि शेवटपर्यंत पटले नाही. या पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी त्यांना हे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, पाटणकर दिल्लीत बसून आमच्या चुका दाखवणारी पत्रे पाठवत, ती बहुतेक बरोबर असत, त्यामुळे त्यांच्यावर गोड लेख छापणे आम्हालाही अवघड जाईल. तुम्ही लिहा. म्हणून लिहितो आहे.

नोएडातील एक कंपनी इतरांचे डेटाबेस सांभाळण्याचे काम करते. विमाधारकांची नावे, पत्ते, वारस, हप्ते अशा नोंदी ज्या यंत्रणेत राहतात तिची देखभाल करणाऱ्या माणसाला या धंद्यात डीबीए म्हणतात. चांगला डीबीए कोणाच्या नजरेस येत नाही. तो धावताना दिसला की काही तरी बिघडले आहे असे समजावे. या कंपनीने वर्षानुवर्षे वापरलेली परवान्याची महागडी प्रणाली सोडून, सर्वांना मोफत उपलब्ध असलेल्या नव्या प्रणालीवर जायचे ठरवले. तिथल्या डीबीएंनी आपली उमेदवारी आणि उमर जुन्या प्रणालीवर घालवलेली. त्यांना नवी प्रणाली शिकवायला मला बोलावण्यात आले. मी सरकारी खात्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेला माणूस. नवी प्रणाली निवृत्तीनंतर शिकलो. कंपनीची अट अशी होती की ज्याच्या नावापुढे माझी सही असेल तोच नव्या प्रणालीवर बसेल. ज्याला सही मिळणार नाही तो जुनीवर राहील, आणि जुनी काही महिन्यांनी बंद होणार होती. याचा अर्थ वर्गातल्या प्रत्येकाला कळत होता. पाटणकरांना सर्वांत अधिक, कारण ते त्या सर्वांचे प्रमुख होते, पन्नाशी ओलांडलेले होते, आणि जुन्या प्रणालीचा त्यांच्या तोडीचा जाणकार मी तरी दुसरा पाहिला नाही.

दिल्लीत मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की आनंद होतो, असे म्हणतात. आम्हाला झाला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझे आडनाव विचारले, मेश्राम म्हटल्यावर गाव विचारले, नागपूर म्हटल्यावर मान हलवली. आडनावावर ते त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि नंतरही कधी बोलले नाहीत. त्या बाबतीत हा पुणेकर स्वच्छ होता, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. त्यांचा राग माझ्या शिकवण्यावर होता, आणि तो पुरेसा होता. "हे तुम्ही शिकलात कधी?" त्यांनी विचारले. निवृत्तीनंतर, मी सांगितले. "म्हणजे स्वतःची नोकरी जुन्यावर पार पाडलीत आणि आमची नव्यावर लटकवायला आलात." वर्ग हिंदीत चालत असे, हे वाक्य ते मराठीत बोलले. मी म्हणालो, "पाटणकर, वर्गात हिंदी बोला." "हिंदी बोलायला हरकत नाही, गुरुजी," ते म्हणाले. "पण मग तुमची शोभा सगळ्यांना कळेल." ते मला पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणत. त्यात आदर नव्हता. चौधरीने विचारले, सर, ये क्या बोले? मी सांगितले, "कह रहे हैं, समझ में आ गया।" तेव्हापासून हीच रीत पडली. ते मराठीत टोचत आणि मी हिंदीत त्यांचे समाधान झाल्याचे जाहीर करी. नागपूरकडची माणसे जेवणात तिखट आणि शिकवण्यात सपक असतात, हेही मी त्याच पद्धतीने अनुवादित केले आहे.

भांडणाचे खरे कारण एक चहा होता. ते समजण्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल. डेटाबेसमध्ये केलेला बदल 'कमिट' ही आज्ञा देईपर्यंत कच्चा असतो आणि तोवर तो मागे घेता येतो. पाटणकरांच्या विभागात असा दंडक होता की कोणीही मोठा बदल केला की लगेच कमिट करायचे नाही. बदल कच्चा ठेवायचा, सर्वांनी खाली रस्त्यावरच्या ठेल्यावर जायचे, चहा आणि खारी मट्ठी घ्यायची, काय केले ते एकमेकांना सांगायचे. कोणाच्या मनात शंका आली नाही तरच वर येऊन कमिट. हा दंडक त्यांनी उगाच घातलेला नव्हता. फार पूर्वी त्यांच्या एका सहकाऱ्याने मुरादाबादच्या एका विमाधारकाचा वारस बदलून तिथे एका बाईचे नाव घातले आणि आज्ञेत त्या विमाधारकाचा क्रमांक घालायचे विसरला. ठेल्यावर पाटणकरांनी सहज विचारले, "कितनी लाइनें बदलीं?" त्याने सांगितलेला आकडा ऐकून पाटणकर भरला पेला ठेवून जिना चढले. मुरादाबादची ती एक बाई संपूर्ण उत्तर हिंदुस्थानची वारस झाली होती. बदल कच्चा होता म्हणून मागे घेता आला. ही हकिकत त्यांनी वर्गात सांगितली तेव्हा सगळे हसले. मीही हसलो असतो. परंतु ते पुढे म्हणाले, "गुरुजींच्या मशीनमध्ये हा चहा बसतो का ते आधी विचारा. बसत नसेल तर मशीन बदला, चहा नाही."

नव्या प्रणालीत प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होते. ती सोय बंद करता येते, म्हणजे जुन्या प्रणालीसारखे हाताने कमिट करावे लागते. पाटणकरांनी पहिल्याच दिवशी सर्वांच्या संगणकावर ती बंद करून घेतली. मी सांगितले, असे करू नका. त्यांनी वर्गाकडे वळून हिंदीत विचारले, "भाई, अँधेरे में कौन दस्तख़त करता है?" सर्व त्यांच्या बाजूचे होते. मी शिकवणारा होतो, पण तो वर्ग त्यांचा होता.

सरावाच्या परीक्षेसाठी मी डेटाबेसची एक नक्कल तयार करून घेतली आणि कंपनीच्या निरनिराळ्या विभागांतल्या लोकांना त्या दिवशी तिच्यावर खऱ्यासारखे काम करायला बसवले. पाटणकरांना काम दिले ते असे: विम्याच्या मुख्य टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, वारसाच्या फोनसाठी एक नवा रकाना जोडा आणि काही नोंदींत तो भरा. त्यांनी ते नेटके केले. आज्ञा स्वच्छ, क्रमांक बरोबर, किती ओळी बदलल्या ते मोठ्याने वाचले. मग उठले आणि म्हणाले, "चलो, चाय।" वर्ग त्यांच्यामागे खाली गेला. मी बसून राहिलो. थोड्याच वेळात दावे बघणाऱ्यांच्या संगणकाचा पडदा थांबला, मग हप्ते घेणाऱ्यांचा, मग सर्वांचाच. कंपनीच्या व्यवस्थापक कपूर मॅडम धावत आल्या. "सर, क्या हो रहा है?" मी म्हणालो, "चाय।"

पाटणकर वर आले तेव्हा खोलीत माणसे जमली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय, बसलं का तुमचं मशीन?" "बसलं नाही," मी म्हणालो. "तुमच्यासाठी खोळंबलंय." जुन्या प्रणालीत टेबलाच्या रचनेतला बदल आपला आपण पक्का होतो, त्याला कमिट लागतच नाही. इतकी वर्षे काम केलेल्या त्यांच्या हाताला रकाना जोडल्यावर काही म्हणायची सवय नव्हती. नव्या प्रणालीत आपोआप पक्के होणे बंद केले असेल तर रचनेतला बदलही कच्चा राहतो, आणि तो कच्चा असेपर्यंत ते टेबल कोणालाही मिळत नाही, नुसते वाचायलाही नाही. आपण दार उघडे ठेवून गेलो आहोत असे त्यांना वाटत होते. ते दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकून गेले होते. नवशिक्याच्या हातून ही चूक झाली नसती, कारण नवशिक्याने ती सोय बंदच केली नसती. हे मी सर्वांसमोर, हिंदीत समजावून सांगितले. पाटणकरांनी कमिट केले. पडदे चालू झाले. त्यानंतर दिवसभर ते मराठीत काहीही बोलले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ते संध्याकाळी माझ्या घरी आले. त्यांची मुलगी ऋता मुनिरकातच खोली घेऊन राहत होती, विद्यापीठात शिकत होती. तिच्याकडे आलो होतो, असे त्यांनी आधी स्पष्ट केले. माझ्या पत्नीने चहाचे विचारले. "वहिनी, पाणी द्या," ते म्हणाले. "या घरात चहाला बंदी असणार." पाणी पिऊन झाल्यावर माझ्याकडे वळले. "तुम्ही मला मुद्दाम जाऊ दिलंत."

"हो."

"आधी सांगता आलं असतं."

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"करू नका एवढंच सांगितलं होतंत. का करू नका, ते नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते म्हणाले, "रचनेचं तुमचं खरं. ते मी लगेच पक्कं करीन. पण नोंदींचा बदल मी उघडा ठेवणार आणि खाली जाणार." मी सुचवले, चहा आधी प्या. आज्ञा कागदावर लिहा, ठेल्यावर चार जणांना वाचून दाखवा, मग वर येऊन चालवा. ते पहिल्यांदा हसले, आणि ते हसू चांगले नव्हते. "गुरुजी, तुम्ही निकाल लागायच्या आधी पेढे वाटता. किती ओळी बदलल्या तो आकडा दिसल्याशिवाय शंका कुणाला येते? मुरादाबादच्या बाईची आज्ञा वाचून कुणाला काही कळलं नसतं. आकडा ऐकून कळलं." मी सांगितले की नव्या प्रणालीत बदललेल्या नोंदीची जुनी प्रत टेबलातच पडून राहते, एखादा बदल उघडा असेपर्यंत झाडू मारणारी यंत्रणा ती उचलत नाही, आणि गर्दीच्या टेबलात हा कचरा पाहता पाहता वाढतो. "पंधरा मिनिटांचा कचरा. संध्याकाळी झाडा," ते म्हणाले. आज पंधरा मिनिटे, उद्या ठेल्यावर गप्पा रंगल्या तर? "इतक्या वर्षांत रंगल्या नाहीत." या वयात आपल्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार, मुलीचे शिक्षण अजून बाकी आहे, असले ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे काहीच मागितले नाही. उठताना म्हणाले, "परीक्षा परत द्यायला तयार आहे. तुमच्या नाही, माझ्या पद्धतीनं."

त्यांनी ती तशीच दिली. रकाना जोडला, त्याच क्षणी पक्का केला, खात्री करून घेतली. मग नोंदी बदलल्या, आकडा वाचला, बदल उघडा ठेवला, आणि माझ्याकडे पाहत खुर्ची मागे सरकवली. कोणालाही 'चलो' म्हणायची गरज पडली नाही. या वेळी एकही पडदा थांबला नाही. कचरा साठला, मी तो मोजला, वर आल्यावर त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "माझी अपेक्षा जास्त होती."

इतर सर्वांच्या नावापुढे मी सही केली. पाटणकरांच्या नावापुढे लिहिले: रचनेतील बदलांसाठी योग्य, नोंदींतील बदलांसाठी अयोग्य. कपूर मॅडमनी तो कागद परत आणला. "सर, इसमें हाँ है या ना?" जे आहे ते लिहिले आहे, मी म्हणालो. "सिस्टम में दो ही खाने हैं, सर. तो ना समझूँ?" मी म्हणालो, "समझना आपका काम है, मैडम।" त्यांनी नाही असे समजले. त्या हो असेही समजू शकल्या असत्या, आणि मी एक शब्द अधिक बोललो असतो तर तसेच समजल्या असत्या, असे मला नंतर बऱ्याच जणांनी ऐकवले आहे. मला जे माहीत होते ते मी लिहिले. जे माहीत नव्हते त्यावर सही करणे मला कधी जमलेले नाही.

पाटणकर जुन्या प्रणालीवर राहिले. ती बंद करायचा दिवस आला तेव्हा शेवटची आज्ञा त्यांनीच दिली आणि त्याच दिवशी राजीनामा दिला, असे चौधरीने सांगितले. त्यांच्या मृत्यूचा आणि माझ्या सहीचा संबंध जोडणारे दोघे-तिघे मला भेटले. मी तो मान्य करत नाही. हृदयाचे दुखणे त्यांना आधीपासून होते. आमचे वैर मात्र राजीनाम्याने थांबले नाही. घरच्या संगणकावर त्यांनी नवी प्रणाली बसवली, आणि माझ्या वर्गातले एकेक विधान ते तपासून पाहू लागले. फोनवर संदेश येत. नमस्कार नाही, चौकशी नाही. 'गुरुजी, तुमचा अमुक दावा खोटा आहे. पुरावा सोबत.' बहुतेक वेळा मी त्यांचा पुरावा खोडून काढी. ते नवा पाठवत. जो माणूस सहीसाठी आणखी एक पाऊल मागे यायला तयार नव्हता, तो केवळ मला खोटे पाडण्यासाठी ती प्रणाली अशी शिकला की वर्गातल्या कोणालाही तितकी आली नाही. एकदा त्यांचा आक्षेप बरोबर निघाला. एका विशिष्ट प्रसंगी तो कचरा मी शिकवत असे त्यापेक्षा पुष्कळ लवकर उचलला जातो. मी धडा दुरुस्त केला आणि तसे कळवले. उत्तर आले: 'अर्धी सही पोहोचली.'

त्यांच्या जाण्यानंतर मी गाझियाबादला गेलो. वहिनी आतल्या खोलीत होत्या. ऋताने दार उघडले. नाव सांगितल्यावर ती दारातच उभी राहिली. "तुम्हीच का ते गुरुजी?"

"हो."

"बाबा घरी रोज तुम्हाला शिव्या द्यायचे."

"मलाही द्यायचे," मी म्हणालो.

तिने आत घेतले. बसायला सांगितले नाही, मी बसलो. ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही सही केली असती तर काय बिघडलं असतं?" मी सांगितले, कदाचित काहीही नाही. "मग?" मी सांगितले, मला त्यांच्या निम्म्या कामाची खात्री होती, निम्म्याची नव्हती; तसेच लिहिले. तिने विचारले, "सगळी माणसं पूर्ण खात्रीवरच चालतात का हो? तुमच्यावर कुणी अर्ध्या खात्रीवर काही सोपवलंच नाही कधी?" मुलगी वडिलांच्या फोटोखाली उभी होती. मी उठलो. निघताना ती एवढेच म्हणाली, "ते शेवटच्या दिवशी दुपारीसुद्धा तुमच्यासाठीच काहीतरी टाइप करत होते. पूर्ण नाही झालं." काय ते तिने दाखवले नाही. मी मागितले नाही.

सध्या मी गुरगावातल्या एका कंपनीत शिकवतो. वर्ग तसाच आहे. जुन्या प्रणालीवर केस पांढरे झालेले लोक. वागायला सभ्य आहेत. वेळेवर येतात, सर म्हणतात, सांगितलेले लिहून घेतात. बदल उघडा ठेवून उठू नये, हा धडा गेल्या आठवड्यात झाला. तो सांगून झाल्यावर मी थांबलो. पूर्वी या ठिकाणी मला थांबावे लागत असे. वर्ग शांत होता. कोणाला काही म्हणायचे आहे का, मी विचारले. नव्हते. मी पुन्हा विचारले. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ अदबीने म्हणाले, "बिल्कुल क्लियर है, सर।" तेव्हा मी खडू खाली ठेवला आणि पाटणकरांचा आक्षेप, आकडा दिसल्याशिवाय शंका येत नाही हा, त्यांच्या बाजूने, जितका नीट मांडता येईल तितका नीट मांडला. हिंदीत त्याची धार थोडी जाते. मांडून झाल्यावर मी वर्गाकडे पाहिले. त्यांनी माना डोलावल्या आणि तोही उतरवून घेतला.